सतरा नंबरचा नॉर्मल मुलगा

नॉर्मल मूल देव घडवतो, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या इस्पितळात ते काम माझ्याकडे होतं. एका शनिवारी बावीस मुलं, बावीस नळ्या आणि आइस्क्रीमचे दोन डबे एवढ्या सामानात मी नॉर्मल तयार केला आणि पुढची दोन वर्षं त्या नॉर्मलनं लोकांच्या पोरांना नाडलं. चूक माझ्या हातची आहे, तेव्हा मीच सांगितलेली बरी.

मी वाढ-विभागाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सव्वीस वर्षं झाली, उंची खुंटलेल्या मुलांचं रक्त तपासतेय. मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचं संप्रेरक पुरेसं सोडत नसली की मूल वाढत नाही. पण ते संप्रेरक सरळ मोजावं म्हटलं तर ते महालहरी. झोपेत भरपूर, सकाळी शोधायला जावं तर पत्ता नाही. म्हणून आम्ही त्याच्या नातेवाइकांना धरतो. संप्रेरकानं सांगितलं की यकृत वाढीचा एक घटक तयार करतं आणि तो हाडांना वाढायला लावतो. हा घटक रक्तात एकटा सोडला तर दहा-पंधरा मिनिटांत त्याचा निकाल लागतो. त्याला धरून, सांभाळून तासन्‌तास हिंडवणारं एक प्रथिन असतं. कागदावर त्याचं नाव ‘बंधक प्रथिन, क्रमांक तीन’. आम्ही त्याला मामा म्हणतो, कारण भाच्याला कडेवर घेऊन गावभर फिरवायचं काम मामाच करतो. संप्रेरक कमी असलं की मामाही कमी. आणि मामाचा स्वभाव स्थिर. सकाळी मोजा, दुपारी मोजा, आकडा जवळपास तोच. पुरुषमाणसांत इतका भरवशाचा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मामा कमी आहे हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी निरोगी मुलांचे आकडे लागतात. मशीनबरोबर कंपनीचा तक्ता आला होता, पण तपासणीला आलेल्या पथकानं शेरा मारला की इथल्या मुलांचा तक्ता इथंच बनवा. नियमानं एकेका वयोगटाला एकशे वीस निरोगी मुलं हवीत. एकशे वीस मुलं आणायची कुठून? तेव्हा मोठे सर म्हणाले, “आपल्या स्टाफचीच घ्या की. घरची पोरं आहेत, पळून थोडीच जाणार आहेत?”

मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. पदानं मोठे, अंगानं बेताचे, बुटांच्या टाचा मात्र भरभक्कम. “मी उशिरा वाढणाऱ्यांतला,” असं ते विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगत. पंचावन्न वर्षांचे झाले, आम्ही अजून वाट बघतोय. त्यांना एकुलता एक मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा. आम्ही त्याला छोटे सर म्हणायचो.

त्या शनिवारी दारातच मापवाल्या सिस्टर उभ्या होत्या. भिंतीवरच्या उंचीमापकाला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून त्या मुलांना असं उभं करतात की मूल श्वास घ्यायला विसरतं. माप मिलिमीटरपर्यंत, वशिला चालत नाही. माझी नात ताडमाड, तिला नऊ नंबर मिळाला. छोटे सर आले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “बूट काढ बाळा.”

“अहो, त्याचं काय मोजायचं?” मोठे सर म्हणाले. “माझाच मुलगा आहे. मूर्ती लहान पण कीर्ती महान. लिहा, एकशे पंचवीस.”

सिस्टरांनी लिहिलं. मग त्या आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘अंदाजे’ असंही लिहिलं. सर तोवर आइस्क्रीमकडे वळले होते. मी पाहिलं आणि मूग गिळून बसले. सुई टोचली तेव्हा छोटे सर रडले नाहीत. भरत आलेल्या नळीकडे बघत म्हणाले, “एवढं काढून घेतलंत तर मी आणखी लहान होईन का?” मला हसू आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या नळीवर सतरा नंबर होता.

बावीस आकड्यांत गणित करण्यासारखं फारसं नसतं. इस्पितळाचे आकडेवाले, म्हणजे संख्याशास्त्राचे गृहस्थ, म्हणाले, “संख्या तुटपुंजी आहे, पण तळमळ दिसते. सगळ्यांत खालचा आकडा ही खालची रेघ धरा, वरचा ती वरची.” खालचा आकडा १.६ होता. मी रेघ ओढली. कोणत्या नंबरचा आकडा कोणाचा, ती यादी कुलपात होती आणि ती उघडणार नाही अशी सही मीच दिली होती. सरांनी तक्ता चौकटीत बसवून भिंतीवर लावला. खाली लिहिलं, ‘आपल्या मुलांचा, आपल्या मुलांसाठी’.

दीड वर्षानं पाऊण आली.

हे तिचं शाळेतलं नाव. वर्गातल्या सगळ्या मुली पूर्ण, ही पाऊण. आठ वर्षांची होती आणि पाच वर्षांची दिसायची. जिभेनं मात्र चाळिशीची. तिची आई इस्पितळाच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवते. भोवतालच्या शाळांचे गणवेश तीच शिवते आणि आमचे पांढरे कोटही तीच लहान-मोठे करते. पहिल्या भेटीतच तिनं मुलीच्या फ्रॉकचा घेर उलटा करून मला दाखवला. आत चार बोटं दुमड होती.

“ताई, जगाच्या पोरांच्या दुमडी मी उसवते,” ती म्हणाली. “ही तीन वर्षांपूर्वी घातली. माझ्याच पोरीची उसवायची वेळ येत नाही.”

पाऊणला रोज टोचायचं संप्रेरकाचं इंजेक्शन हवं होतं. ते इस्पितळ फुकट देतं, पण औषध-समितीनं होकार दिला तर. समितीचे नियम मोठ्या सरांनी स्वतः लिहिलेले. औषध टोचून घेतलेल्या चाचणीत संप्रेरक कमी हवं. मामा रेघेखाली हवा. सहा महिन्यांच्या अंतरानं घेतलेली दोन मापं हवीत, तीही इस्पितळाचीच. आणि तीनदा नकार मिळाला की फाइल कायमची बंद. वाढीच्या औषधाला वयाची घाई असते, हाडांची टोकं एकदा जुळली की मग कितीही टोचा. पण नियम लिहिणाऱ्याला कसली घाई?

पहिल्या अर्जाच्या वेळी पाऊणचं एकच माप होतं. तिच्या आईनं समितीपुढे आपली मापांची वही ठेवली. जाडजूड, पुठ्ठ्याची, दर पानावर एक मूल आणि दर वर्षाची मापं. “साहेब, तीन वर्षांची मापं आहेत. माझ्या हातची, एका दोऱ्याचा फरक निघणार नाही.”

सरांनी वही बोटाच्या टोकानं परत सरकवली. “बाई, हे वैद्यकीय काम आहे. इथं झंपर शिवत नाहीत.” पहिला नकार मिळाला आणि इतिवृत्तात नोंद झाली: ‘टेलरची वही ग्राह्य नाही.’

सहा महिने गेले. पाऊण तेवढ्यात जेमतेम दीड सेंटिमीटर वाढली. संप्रेरक कमी आलं. मनगटाच्या हाडाचं वय अडीच वर्षं मागे निघालं. मामा मी मोजला, १.८. रेघ १.६ वर. म्हणजे मामा नॉर्मल. समितीनं पत्र दिलं: ‘आपले मूल निकषांनुसार नॉर्मल आहे. अभिनंदन.’

ते पत्र घेऊन आई माझ्या खिडकीशी आली. पत्र तिनं इस्त्री केल्यासारखं चार घड्यांत ठेवलं होतं.

“ताई, नॉर्मल म्हणजे बरी झाली का?”

“नाही हो.”

“मग अभिनंदन कशाचं?”

पाऊण टाचा उंचावून खिडकीतून आत बघत होती. तिला भिंतीवरची चौकट दिसली. “ही रेघ कुणी काढली?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “मी.” ती म्हणाली, “मग जरा वर काढा ना, तुमचा हात पोचतोय.”

पोरांना टाळता येतं, पण त्यांचं बोलणं टाळता येत नाही. त्या दुपारी मी जुना कागद काढला. बावीस आकडे. सगळ्यांत खाली १.६. आणि त्याच्या वरचा? २.४. मध्ये कुणीच नाही. एकवीस मुलं घोळक्यानं वर उभी आणि एक जण एकटाच तळाशी. तो नमुना सतरा. नियमानं असा सुटा पडलेला आकडा तेव्हाच पुन्हा तपासायचा असतो. मी तपासला नव्हता, कारण फरशीवर सांडलेलं आइस्क्रीम पुसायचं होतं. यादीचं कुलूप काढायची मला गरजच नव्हती. ती नळी माझ्या हातात भरली होती आणि तो प्रश्न माझ्या कानात होता.

म्हणजे सरांचा मुलगा आजारी होता, आणि त्याच्या आजारपणाला आम्ही चौकटीत बसवून नॉर्मल म्हणत होतो. आपला तो बाब्या. बाकीच्यांच्या कार्ट्यांना इंजेक्शन नाही.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मी शूर बाई नाही. मी शूर असल्याचं नाटकही कधी केलेलं नाही. मी चिठ्ठी पाठवली: ‘नमुना सतरा पुन्हा तपासावा.’ सरांचा शेरा आला: ‘पाहिले.’ दुसरी पाठवली. ‘पाहिले.’ तिसरीवर शेरा आला, ‘पूर्वीच पाहिले.’ आमच्याकडे एखादी गोष्ट पाहायची नसली की तिच्यावर ‘पाहिले’ लिहितात.

पाऊणचा तिसरा अर्ज आला, शेवटचा. समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी कोटाच्या बाह्या आखूड करायच्या निमित्तानं तिच्या आईच्या दुकानात गेले. निमित्तच ते, बाह्या ठीक होत्या. दुकान एका खोलीचं. दाराशी शिवणयंत्र, दोरीवर गणवेश टांगलेले, आरशासमोर मुलांना उभं करायचा बुटका स्टूल. पाऊण कोपऱ्यात बटणं निवडत होती.

“उद्या नाही म्हणाले तर?” आईनं विचारलं.

“फाइल बंद होईल,” मी म्हणाले. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

ती वही उघडून माझ्या बाहीचं माप लिहायला पान शोधू लागली, आणि एका पानावर थांबली. “ताई, पंधरा वर्षांची वही आहे ही. पोरं वर्षाला दीड-दोन इंच पँट वाढवतात. अर्ध्या इंचावर अडलेली दोनच पानं आहेत. एक माझ्या पोरीचं. दुसरं तुमच्या साहेबांच्या मुलाचं. बाईसाहेब दरवर्षी सांगतात, वाढत्या अंगाचं शिवा. मी वाढत्या अंगाचं शिवते हो. अंग वाढत नाही.” मग आवाज उतरवून म्हणाली, “त्यांना सांगायचं मला धाडस होत नाही. तुमच्या साहेबांना तर यातलं सगळं कळतं. मग त्यांना कसं दिसत नाही?”

तिच्या मनात उट्टं काढायचं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिच्या मनात त्या पोराची काळजी होती. ज्यांनी तिची वही बोटाच्या टोकानं सरकवली त्यांच्या पोराची. मी कोट तिथंच टाकून घरी आले आणि जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक. टेबलावर चहा, बिस्किटं आणि पाऊणची फाइल. मोठे सर, उपप्रमुख, आकडेवाले आणि कोपऱ्यात मी, आकडे वाचून दाखवण्यापुरती.

“मामा १.८,” सर म्हणाले. “रेघ १.६. नियमात बसत नाही. भावनिक होऊन चालणार नाही. पुढची फाइल.”

“सर, रेघ चुकलीय,” मी म्हणाले.

“रेघ तुम्हीच काढलीत.”

“म्हणूनच सांगतेय. नमुना सतरा त्यात नको होता. तो काढला तर रेघ २.४ वर जाते.”

आकडेवाल्यांनी बिस्किट खाली ठेवलं. “कारणाशिवाय नमुना काढता येत नाही. कारण द्या.”

मी कागद पुढे केला. “बावीस उंच्या आहेत. एकवीस मिलिमीटरपर्यंत मोजलेल्या. सतरापुढे ‘अंदाजे’ लिहिलंय. या मुलाला कुणी मोजलेलंच नाही. ज्याला मोजलं नाही त्याला निरोगी कसं म्हणायचं?”

“सतरा नंबरचा मुलगा ठणठणीत आहे!” सर कडाडले. “उशिरा वाढणारा आहे, एवढंच. घराण्यातच आहे ते!”

यादी कुलपात होती. मी नाव घेतलं नव्हतं. उपप्रमुख चहाच्या कपात इतकं निरखून बघायला लागले की त्यात मासा पडलाय असं वाटावं.

“सर,” आकडेवाले हळूच म्हणाले, “सतरा कोण ते तुम्हाला कसं माहीत?”

तेव्हा मला समजलं. त्यांना दिसत नव्हतं असं नव्हतंच. हजारो पोरांना मोजणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोराला मोजलं नाही, कारण आकडा किती येईल ते त्याला ठाऊक होतं. आणि नॉर्मलच्या यादीत नाव घातलं की मूल नॉर्मल होतं, एवढी भोळी आशा इतक्या शिकलेल्या माणसानं दोन वर्षं उराशी धरली होती. मला त्यांचा राग आला होता. त्या क्षणी कीवही आली, आणि ती आल्याचा पुन्हा राग आला.

“किती मुलं अडकली या दोन रेघांच्या मध्ये?” उपप्रमुखांनी विचारलं.

“अकरा,” मी म्हणाले. “पाऊण धरून.”

सर उठून गेले. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मापवाल्या सिस्टरांच्या दाराशी मुलांची रांग होती. रांगेत सातवे मोठे सर, मुलाचा हात धरून. पुढे या म्हटलं तर आले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “बूट काढ बाळा.” या वेळी कुणी काही बोललं नाही. दहा वर्षांचे छोटे सर भिंतीला टेकले. सिस्टरांनी फळी डोक्यावर टेकवली.

“एकशे सतरा पूर्णांक दोन.”

“बाबा, मी नापास?” छोट्या सरांनी विचारलं.

“नाही रे,” सर म्हणाले. “मी.”

रेघ २.४ वर गेली. भिंतीवरची चौकट उतरवली. पाऊणला होकार मिळाला. बाकी दहा जणांना आम्ही पत्रं पाठवली. त्यातली तीन पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. ती अजून माझ्या खणात आहेत. खण उघडला की मी त्यांच्यावर ‘पाहिले’ असं काही लिहीत नाही.

छोट्या सरांच्या चाचण्या झाल्या. सगळं कमी निघालं आणि त्यांचा अर्ज समितीपुढे आला. स्वतःच्या मुलाचा म्हणून सर बाहेर बसले. उपप्रमुखांनी नियम वाचून दाखवला. दोन मापं, सहा महिन्यांच्या अंतरानं. माप तर एकच होतं. दहा वर्षांत त्या पोराला उंचीमापकाशी कुणी उभंच केलं नव्हतं. अर्ज परत गेला, पहिला नकार. जुन्या मापांचा दुसरा काही पुरावा चालेल का, असं सरांनी लिहून विचारलं. उपप्रमुखांनी इतिवृत्त चाळलं आणि कळवलं, ‘टेलरची वही ग्राह्य नाही, असा आपलाच ठराव आहे. तो बदलायचा तर पुराव्यासह प्रस्ताव द्यावा.’

दोन महिन्यांनी मी माझा कोट आणायला गेले. मागच्या गल्लीतल्या त्या खोलीत आरशासमोरच्या स्टुलावर पाऊण उभी होती आणि तिची आई खाली बसून तिच्या फ्रॉकची दुमड उसवत होती. आतलं कापड कोरं होतं, मूळच्या गडद रंगाचं. आई दोन बोटांनी ते पुन्हापुन्हा सपाट करत होती. तिला रडू येत होतं आणि तोंडात टाचण्या धरल्यामुळे रडता येत नव्हतं.

तेवढ्यात दारात मोठे सर आले, मुलाला घेऊन. पायात सपाट टाचांचे बूट होते. मला पाहून थबकले, पण मागे फिरले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “याच्या पानाची नक्कल हवी होती.”

आईनं टाचण्या काढल्या. “साहेब, ही टेलरची वही आहे.”

“माहीत आहे.”

मग तिनं पान उघडून वही त्यांच्यापुढे ठेवली. “बाहेर नेऊ नका, गावच्या पोरांची मापं आहेत. इथंच बसून उतरवा.”

सर चिंध्यांच्या गाठोड्यावर बसले आणि लिहू लागले. सव्वीस. साडेसव्वीस. सत्तावीस. छोटे सर स्टुलाशी जाऊन उभे राहिले.

“सुई दुखते?” त्यांनी पाऊणला विचारलं.

“पहिले चार दिवस. तुला कधी देणार?”

“अजून चार महिन्यांनी. नियम आहे.”

“कुणी केला असला नियम?”

छोट्या सरांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं. त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून दाखवलं. सरांनी मान वर केली नाही. आकडे तीनच होते, पण त्यांना बराच वेळ लागला.

जाताना ते दाराशी थांबले. “याची नवी पँट टाकायची होती. दुमड जरा जास्त ठेवाल?”

“ती मी दरवर्षी ठेवतेच, साहेब,” आई म्हणाली. “या वर्षी उसवायला आणा.”